नाशिकच्या हवेत मोठा हायब्रिड कॅटलिया: वाढवायचा कसा आणि कुंडी नेमकी कधी बदलायची

आपल्याकडे ऑर्किड म्हटलं की बहुतेकांच्या घरी फॅलेनॉप्सिस असतो, कारण तो नर्सरीत फुलांसकट मिळतो आणि खिडकीत ठेवला तरी चालतो. पण ज्यांच्या बाल्कनीत किंवा गच्चीवर सकाळचं चांगलं ऊन येतं त्यांनी एक तरी मोठा हायब्रिड कॅटलिया लावावा असं माझं ठाम मत आहे. फूल पाच-सहा इंचांचं, बऱ्याच जातींना सुंदर वास, आणि झाड इतकं चिवट की मुळांची नीट काळजी घेतली तर वर्षानुवर्षं वाढत राहतं. अट एकच, त्याच्या मुळांना चुकीच्या वेळी हात लावायचा नाही. या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल: कुंडी कधी बदलायची हे नवीन मुळं ठरवतात. फुलं संपली, कुंडी भरली किंवा रविवारी वेळ मिळाला, ही कारणं पुरेशी नाहीत.

आधी झाड समजून घेऊ. कॅटलिया मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, ब्राझील, कोलंबिया, व्हेनेझुएला, कोस्टारिका या भागातले, आणि ते झाडांच्या खोडांवर किंवा खडकांवर वाढतात. तिथे पाऊस जोरात पडतो पण मुळं उघडी असल्यामुळे थोड्याच वेळात वाळतात. मुळांवर पाणी शोषून धरणारा जाड पांढरा थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात. हा थर भिजला पाहिजे आणि नंतर त्याला हवा पण मिळाली पाहिजे. माती किंवा कोकोपीट भरलेल्या कुंडीत ही मुळं गुदमरून कुजतात, ते यामुळेच.

माणसाने संकर करून फुलवलेलं पहिलं ऑर्किड 1856 साली इंग्लंडमधे जॉन डॉमिनी यांनी व्हेच नर्सरीत फुलवलं, ते कॅलँथे होतं, आणि कॅटलियाचे पहिले संकर पण त्यांचेच. आज आपल्याला मिळणारी मोठी झालरवाली फुलं बहुतेक ऱ्हिंकोलेलिया डिग्बियाना या जातीच्या रक्ताची असतात, ओठाची (म्हणजे फुलाच्या पुढच्या मोठ्या पाकळीची) ती झालर तिचीच देणगी. जुन्या लेबलवर अशा संकरांना बीएलसी, म्हणजे ब्रासोलेलियोकॅटलिया, लिहिलेलं दिसतं, नवीन लेबलवर आरएलसी, म्हणजे ऱ्हिंकोलेलियोकॅटलिया. नावं बदलली म्हणून गोंधळून जाऊ नका, झाड तेच असतं. सुरुवात करणाऱ्याने पिवळ्या फुलाचा, लाल ओठाचा 'अल्मा की' नावाचा संकर घ्यावा. तो सहज मिळतो आणि वाढायला दमदार आहे.

घेताना फुलाकडे कमी आणि बुडाकडे जास्त बघा. झाड कुंडीत हललं नाही पाहिजे, कमीत कमी चार-पाच फुगीर बल्ब (पानांखालची जाड उभी खोडं) हवेत आणि एखादा नवा कोंब हवा. पानं फिकट हिरवी आणि कडक असली तर उत्तम, गडद हिरवी लुसलुशीत पानं म्हणजे सावलीत वाढवलेलं झाड, ते फुलायला वेळ घेतं. आणि त्र्यंबक-हरसूलकडच्या जंगलात झाडांवर दिसणारी आमरी किंवा सीतेची वेणी (आपली रानातली ऑर्किडं) कृपा करून काढून आणू नका. ती घरात सहसा जगत नाही आणि जंगलातली मात्र कमी होते.

जागा, ऊन आणि आपली हवा

नाशिक या झाडाला बऱ्यापैकी मानवतं. आपण साधारण 600 मीटर उंचीवर आहोत, रात्री गार होतात, आणि कॅटलियाला दिवस-रात्रीच्या तापमानातला हा फरक आवडतो. अडचणीचे महिने दोनच प्रकारचे. मार्च ते मे हवा कोरडी ठक्क असते आणि पारा 40 च्या आसपास जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री 10 अंशांच्या खाली उतरतात (निफाडकडे तर त्याहून खाली). मोठ्या हायब्रिडला रात्री 13-15 अंशांच्या वर आणि दिवसा 30-32 पर्यंत सगळ्यात छान वाटतं. थोडं इकडेतिकडे झालं तर झाड सहन करतं, पण थंडी आणि ओली मुळं हे दोन्ही एकत्र अजिबात नको.

पूर्वेची बाल्कनी असेल तर प्रश्नच नाही, सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन थेट चालतं. पश्चिमेची असेल तर 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, आणि मार्चनंतर 75 टक्क्यांची लावा. शेडनेट कुठल्याही शेती साहित्याच्या दुकानात मीटरवर मिळते. ऊन पुरतंय की नाही ते पान सांगतं. पोपटी हिरवं पान म्हणजे बरोबर, काळपट हिरवं म्हणजे ऊन कमी, पिवळट किंवा कडेला लालसर झालं म्हणजे ऊन जास्त होतंय. दुपारी पानाला हात लावून बघा, गरम लागलं तर लगेच सावली वाढवा कारण उन्हाने भाजलेला डाग पुन्हा हिरवा होत नाही.

उन्हाळ्यात फरशी सकाळ-दुपार ओली करा, आजूबाजूला दुसऱ्या कुंड्या ठेवा. घरात कूलर चालू असेल तर त्याच्या गारव्यात ठेवलं तरी चालतं, फक्त झोत थेट झाडावर नको आणि कूलरच्या टाकीतलं पाणी झाडाला कधीच घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात.

पाणी आणि खत

पाणी वारावर घालायचं नसतं. कुंडी उचलून बघा, हलकी लागली, वरचा थर पूर्ण सुकला आणि बोट आत घातल्यावर पण ओलावा लागला नाही की मगच घाला, आणि घालाल तेव्हा भरपूर घाला, भोकांतून धो धो बाहेर आलं पाहिजे. मातीच्या कुंडीत एप्रिल-मे मधे जवळपास रोज लागू शकतं, थंडीत आठवड्यातून एकदा पुष्कळ होतं. वेळ सकाळची, म्हणजे रात्रीपर्यंत कोंबांमधे साचलेलं पाणी वाळून जातं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी इतकं तापलेलं असतं की हात पोळतो, म्हणून आदल्या रात्री बादली भरून ठेवायची.

धरणाचं नळाचं पाणी सहसा चालून जातं. बोअरचं असेल तर कुंडीवर आणि मुळांवर पांढरा थर चढायला लागतो, तो दिसला की पाणी बदला. आरओचं शुद्ध पाणी नळाच्या पाण्यात मिसळून वापरा, पण आरओमधून बाहेर टाकलेलं पाणी नको. सगळ्यात चांगलं पावसाचं, जून-जुलैमधे ड्रम भरून ठेवता आला तर ठेवाच.

खताच्या बाबतीत आपण नाशिककर नशीबवान. द्राक्षवाल्यांमुळे पाण्यात विरघळणारी सगळी खतं कृषी सेवा केंद्रात हाताशी असतात. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) हे एका लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, नवा कोंब वाढत असेपर्यंत. द्राक्षाचा डोस इथे लावायचा नाही. मधून एखाद्या आठवड्याला त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम द्या, पण ते 19:19:19 मधे मिसळू नका, दोन्ही एकत्र आली की साका तयार होतो. महिन्यातून एकदा नुसत्या साध्या पाण्याने कुंडी चांगली धुवून काढा म्हणजे क्षार निघून जातात. बल्ब पूर्ण फुगला आणि वाढ थांबली की खत बंद किंवा अगदी कमी.

कुंडी बदलायची वेळ

माझ्या शेजारच्या काकू मला दर वेळी विचारतात, "अगं, फुलं झाली बघ, आता बदलून टाकू ना कुंडी?" आणि मी दर वेळी म्हणते, "काकू, मूळ दिसू द्या, मी येते मदतीला."

कॅटलिया आडवा सरकत वाढतो. जमिनीलगत एक जाड आडवं खोड असतं, त्याला रायझोम म्हणतात, त्यावर एकापुढे एक बल्ब उभे राहतात आणि प्रत्येक बल्ब साधारण एकदाच फुलतो. पुढचं फूल येणार ते पुढच्या नव्या कोंबावर. आणि त्या कोंबाला जगवणारी मुळं त्याच्या बुडाशी नवीन फुटतात. जुनी मुळं मोडली की त्यातली बरीचशी मरून जातात, काही फुटतात पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. मुळं यायच्या आधी कुंडी बदलली तर झाड कित्येक महिने फक्त साठवलेल्या पाण्यावर जगतं आणि बल्ब सुरकुततात.

म्हणून रोज बघायची जागा एकच, नव्या कोंबाचं बूड. तिथे वाळकं कागदी आवरण असतं ते नखाने अलगद बाजूला करा. आधी रायझोमच्या खालच्या बाजूला फिकट हिरवे उंचवटे दिसतात, तांदळाच्या दाण्याएवढे. दोन-चार दिवसांत त्यांचं टोक बाहेर येतं, ओलसर चमकदार हिरवं, कधी त्यावर लालसर झाक. हीच वेळ. मुळं अर्ध्या ते एक सेंटीमीटरची असेपर्यंत कुंडी बदलली तर ती सरळ नव्या मीडियात (कुंडीत मातीऐवजी भरायच्या मिश्रणात) शिरतात, झाडाला काही झाल्याचं कळत पण नाही. तीच मुळं दोन-तीन इंचांची झाली की टोकं काचेसारखी तुटतात, आणि टोक तुटलं की ते मूळ तिथेच थांबतं. मग त्या मुळांना फाटे फुटेपर्यंत थांबायचं किंवा सरळ पुढच्या कोंबाची वाट बघायची.

काही जाती आधी फुलतात आणि मग मुळं काढतात, काही बल्ब वाढत असतानाच काढतात, काहींना बल्ब पूर्ण झाल्यावर येतात. त्यामुळे कुणाचं झाड फेब्रुवारीत तयार असेल तर कुणाचं जुलैत. तुमचं झाड एक वर्ष नीट पाहिलंत की त्याची सवय कळते. निवडायची संधी असेल तर मी मेअखेर ते जुलै धरते, कारण हवेत दमटपणा येतो आणि पानं कमी सुकतात. कडाक्याच्या थंडीत शक्यतो नाही.

साधारण दोन-तीन वर्षांनी गरज पडते. बल्ब कुंडीच्या काठाबाहेर निघाले किंवा मीडिया कुजून भुसभुशीत झाला, काळपट पडला, आंबूस वास यायला लागला की समजा यंदा बदलायची, आणि सामान आधीच जमवून ठेवा. अपवाद एकच: मुळं सगळी कुजलेली असतील तर वाट बघू नका, तेव्हा झाड वाचवणं महत्त्वाचं.

सामान

कुंडी मातीची, बुडाला मोठं भोक आणि बाजूला पण भोकं असलेली, कुंभाराकडे ऑर्किडची कुंडी म्हणून मागा. मोठ्या झाडाला मातीची कुंडी वजन देते आणि उन्हाळ्यात मुळं गार ठेवते. जे सारखे गावाला जातात त्यांनी प्लॅस्टिकची घ्यावी, ती हळू वाळते. आकार एवढाच की पुढे दोन वर्षांचे बल्ब बसतील, म्हणजे नव्या कोंबापासून काठापर्यंत साधारण तीन-चार इंच जागा. मोठी कुंडी मधोमध ओली राहते आणि तिथूनच मुळं सडायला लागतात, त्यामुळे मोह नको.

मीडियासाठी माझं प्रमाण असं: पाच भाग पाइन बार्क (पाइनच्या झाडाची साल), तुकडे साधारण दीड-दोन सेंटीमीटरचे, दोन भाग लाकडी कोळसा आणि एक भाग विटेचे तुकडे. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो, लाकडीच घ्या. विटेचे तुकडे फोडून चाळून धुवून घ्या. बार्क महाग वाटला तर नारळाच्या सोडणांचे चौकोनी तुकडे करून वापरता येतात, पंचवटीत नारळवाल्यांकडे सोडणं भरपूर असतात. पण ते काही दिवस पाणी बदलत भिजवा, पाणी तपकिरी येणं थांबेपर्यंत, आणि हे लक्षात ठेवा की ते बार्कपेक्षा लवकर कुजतात. सगळा मीडिया आदल्या रात्री भिजत घाला, कोरडा बार्क सुरुवातीला पाणी धरत नाही.

शिवाय द्राक्षछाटणीची चांगली धारदार कात्री, बांबूची काठी, सुतळी किंवा कापडाची पट्टी, दालचिनीची पूड, जुना मऊ ब्रश आणि गॅस लायटर किंवा छोटा गॅस टॉर्च. कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर चांगली तापवून गार करायची. हे टाळू नका, ऑर्किडचे मोझॅक व्हायरस कात्रीवरच्या रसातून एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यावर औषध नाही.

प्रत्यक्ष काम

आधी कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी मुळं कडक असतात आणि कुंडीच्या भिंतीला पक्की चिकटलेली असतात, भिजली की लवचिक होतात. पातळ सुरी भिंतीलगत फिरवा. तरी निघत नसेल तर ओढाओढ करू नका, कुंडी हातोडीने हलकेच फोडा. खापरीच्या ज्या तुकड्यांना चांगली मुळं चिकटलीत ते तसेच राहू द्या, खापरीसकट नव्या कुंडीत गेलं तरी काही बिघडत नाही.

आता झाड आडवं धरा, नवा कोंब वर राहील असं, आणि जुना मीडिया बोटांनी काढत जा. मुळं एक एक चाचपून बघा. दाबल्यावर टणक लागतं ते मूळ जिवंत, रंग पांढरा असो की मीडियाने तपकिरी डागलेला. दाबल्यावर पाणी सुटतं किंवा साल सरकून आत नुसता दोरा उरतो ते मेलेलं, ते कापून टाका. खूप लांब झालेली चांगली मुळं चार-पाच इंचांवर कापली तर कुंडीत नीट बसतात. नव्या हिरव्या टोकांना मात्र या सगळ्यात बोट पण लागता कामा नये, म्हणून मी झाड नेहमी जुन्या बल्बांच्या बाजूने धरते.

हीच संधी साधून बल्बांवरची वाळकी कागदी आवरणं काढा. त्याच्याखाली खवले कीड आणि मिलीबग लपतात. पांढरा कापूस किंवा तपकिरी ठिपके दिसले तर ब्रश सर्जिकल स्पिरिटमधे बुडवून घासून काढा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा.

झाडाचे तुकडे करायचे का? आठपेक्षा कमी बल्ब असतील तर करू नका. केलेत तर प्रत्येक तुकड्याला तीन-चार बल्ब आणि एक जिवंत डोळा (जिथून नवा कोंब फुटतो तो) हवाच. मैत्रिणींना वाटायच्या हौसेने दोन-दोन बल्बांचे तुकडे केले जातात आणि मग दोन-तीन वर्षं कुणाकडेच फूल येत नाही. मोठं झाड दोन-तीन कोंब एकदम काढतं आणि सगळ्यांवर फुलं येतात, ते वैभव तोडू नये असं मला मनापासून वाटतं. कापलेल्या जागी दालचिनी लावा, पण मुळांवर सांडू देऊ नका, ती मुळं सुकवते.

लावताना सगळ्यात जुना बल्ब कुंडीच्या भिंतीला टेकवा आणि नवा कोंब मधल्या मोकळ्या जागेकडे ठेवा. तळाशी विटेचे दोन-तीन मोठे तुकडे, त्यावर मीडिया, मुळं पसरून बसवा, आणि भरताना कुंडी ठोकत काडीने मीडिया मुळांच्या मधे सारत जा. रायझोम वर दिसला पाहिजे, पुरला तर नवे कोंब बुडातून कुजतात. शेवटी काठी रोवून दोन बल्ब बांधा. झाडाला पानाला धरून हळूच हलवून बघा, कुंडी बरोबर हलली पाहिजे. सैल झाड वाऱ्याने डुलतं आणि प्रत्येक डुलण्यात नव्या मुळांची टोकं घासून मरतात. लेबलवर जातीचं नाव आणि तारीख पेन्सिलने लिहा, मार्करची शाई उन्हात उडते.

नंतरचे दोन महिने

पहिला आठवडाभर पाणी नाही, कापलेल्या जागा सुकू द्यायच्या. रोज सकाळी पानांवर आणि कुंडीच्या बाहेरच्या बाजूवर हलका फवारा पुरे. मे महिना असेल तर दोनदा. नेहमीपेक्षा जास्त सावलीत ठेवा. मग हळूहळू पाणी सुरू करा, दोन पाण्यांमधे मीडिया चांगला सुकू द्या, मुळं ओलाव्याच्या शोधातच लांबतात. मुळं दोन इंच आत गेली की खत सुरू.

पावसाळ्यात संततधार लागली की नव्याने लावलेली कुंडी आडोशाला घ्या. या दिवसांत सगळ्यात वाईट रोग म्हणजे काळी कुज. कोंबाच्या बुडाशी काळा ओला डाग पडतो आणि एक-दोन दिवसांत वर चढतो. दिसल्याबरोबर निरोगी भाग लागेपर्यंत कापा, मधला रायझोम पांढरट हिरवा दिसला पाहिजे, आणि द्राक्षाच्या डाउनी रोगाला वापरतात ते मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब बुरशीनाशक दोन ग्रॅम लिटरला करून फवारा, हातमोजे आणि मास्क घालून. तो पाऊस ओसरेपर्यंत झाड कोरडं ठेवा. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचा, एका रात्रीत त्या सगळी मुळांची टोकं खातात.

नवा बल्ब फुगला की पानाच्या तळाशी एक चपटं हिरवं म्यान दिसतं. उजेडाकडे धरलं की आत कळ्यांची सावली दिसते. काही जातींमधे म्यान वाळून तपकिरी होतं आणि कळ्या नंतर येतात, त्यामुळे वाळलं म्हणून कापू नका. कळ्या बाहेर आल्या की कुंडीची दिशा बदलायची नाही, नाहीतर फुलं वेडीवाकडी वळतात. पूर्ण उमललं की दोन दिवसांनी घरात आणून ठेवा, गार जागी फूल दोन-तीन आठवडे सहज टिकतं. फक्त केळीच्या घडाजवळ किंवा आंब्याची आढी लावलेल्या खोलीत नको, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने उमललेली फुलं लवकर कोमेजतात, कळ्या तर न उमलताच गळून पडतात.